ग्रामसभेच्या ठरावाची प्रत: सेवा बरी, पण मागायची पद्धत माहीत हवी

कोल्हापूरलगतची उचगाव, पाचगाव, कळंबा ही गावं दिसायला शहर, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. रस्ता, गटर, पाणीपट्टी सगळं ग्रामसभेत ठरतं, त्यामुळे ठरावाची प्रत हाताशी लागतेच.

तोंडी मागितली तर बहुधा 'नंतर या' ऐकायला मिळतं. त्यापेक्षा माहिती अधिकाराचा अर्ज करावा: जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रत्येक पानाला 2 रुपये, मुदत 30 दिवस. अर्ज फसतो तो शब्दांमुळे. 'रस्त्याची सगळी माहिती द्या' असं लिहिलं की 'माहिती मोघम' म्हणून परत. सभेची तारीख, विषय आणि कळत असेल तर ठराव क्रमांक घालून 'इतिवृत्त व हजेरी नोंदवहीची साक्षांकित प्रत' मागा. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. पोच घ्यायचीच, बरं का.

हजेरीची पानं का? गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो आकडा कमी तो. सह्या कमी असून सभा तहकूब न करता ठराव झाला असेल, तर हरकतीला तोच आधार. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही, हे विसरून बरेच जण उगाच भांडतात.

मुदतीत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील. दर स्वस्त, वेग यथातथा: पाचात तीन गुण.