दगडी पाटा-वरवंटा: पाच महिन्यांच्या वापरानंतर

रात्रपाळी संपवून सकाळी भुसावळच्या घरी परतलो की अंग थकलेले असते, पण डोके कामावरच राहिलेले असते. काही वर्षांपूर्वी इगतपुरीच्या धम्मगिरीवर मी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले होते. तेथे पहिले तीन दिवस केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचे असते, आणि मौन असल्यामुळे व जवळ फोन नसल्यामुळे ते मला हळूहळू जमत गेले; घरी आल्यावर मात्र महिनाभरात बैठक मोडली. त्यानंतर मन ठिकाणावर आणणारी जी एकच गोष्ट माझ्या घरात टिकली, ती म्हणजे सकाळचा स्वयंपाक, आणि त्यातही पाट्यावर वाटण वाटण्याची वीस मिनिटे. म्हणून या पाट्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पहिला पाटा मी एका दुकानातून घेतला होता आणि तो फसला. दिसायला तो गुळगुळीत व देखणा होता, परंतु दगड ठिसूळ असल्याने पंधरा दिवसांनंतरही चटणीत कच लागत असे. दुसरा पाटा रस्त्याच्या कडेला दगड घडवणाऱ्या एका मावशींकडून १४०० रुपयांना घेतला. काळ्या पाषाणाचा हा पाटा दीड फूट लांब आहे, वजन सुमारे १९ किलो, आणि वरवंटा तीन किलोंच्या आसपास. मावशींनी वरवंट्याने पाट्यावर हलकेच ठोकून आवाज ऐकवला. दगड अखंड असेल तर तो खणखणीत वाजतो, आत चीर असेल तर आवाज बसका येतो. निघताना त्यांनी बजावले, “भाऊ, आधी तांदूळ वाटा, मग जाडे मीठ वाटा, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत खायचे काही वाटू नका.” मला त्यासाठी चार दिवस लागले. भिजवलेल्या तांदळाची पिठी पहिल्या दिवशी राखाडी निघाली आणि चौथ्या दिवशी पांढरीशुभ्र. हे चार दिवस कोणीही वाचवू नयेत.

आता वाटणाविषयी. आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी शेवभाजी होते. सुक्या खोबऱ्याची वाटी मी चिमट्यात धरून आचेवर काळपट होईपर्यंत भाजतो आणि कांदा सालासकट जाळीवर ठेवतो. पाट्यावर प्रथम खोबरे व चिमूटभर जाडे मीठ घ्यायचे, कारण ओला कांदा आधी आला की खोबऱ्याचे तुकडे त्यात निसटतात आणि अखेरपर्यंत सापडत नाहीत. सुरुवातीला वरवंटा खरखरत जातो. मग खोबऱ्याला तेल सुटू लागते, आवाज मऊ होतो आणि दगड काळसर चमकू लागतो. त्यानंतर लसूण, आले, शेवटी कांदा व कोथिंबीर. पाणी ओतायचे नाही, बोटांनी शिंपडायचे. कडेला सरकलेले वाटण तळहाताच्या बाजूने पुन्हा मधोमध ओढायचे आणि वरवंटा पुढे रेटताना मनगट किंचित फिरवायचे. रात्रीच्या कामातला एखादा प्रसंग मनात घोळू लागला, की वरवंटा तिरका जातो आणि अंगठ्याचे पेर दगडाखाली येते. शिबिरात भरकटलेले लक्ष माझे मलाच परत आणावे लागे. येथे ते काम दगड करतो. दहा-बारा मिनिटांनी माझा श्वास वरवंट्याच्या ये-जा करण्याशी जुळतो, आणि तो मी जुळवलेला नसतो.

चवीतला फरक खरा आहे. मिक्सरचे पाते पदार्थ कापते व वेगामुळे तापवते, तर दगड तो चिरडून पसरवतो. त्यामुळे खोबऱ्याचे तेल वाटणातच मुरते. कढईत ते परतताना तेल लवकर सुटते, आणि मग तिखट व काळा मसाला घालून आधणाचे पाणी ओतले की रश्श्याला दाट तवंग येतो. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी यांसाठीही पाटा उत्तम. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर तो ठेचा खाल्ला, की मिक्सरमधला पुन्हा खावासा वाटत नाही. वांग्याच्या भरितासाठी मात्र मी पाटा वापरत नाही. जळगावच्या ज्या हिरव्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा भाजलेला गर दगडावर अगदी लगदा होतो. तो बडगीतच, म्हणजे भरीत ठेचण्याच्या लाकडी भांड्यातच, ठेचावा.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पाटा जमिनीवर ठेवून वाटावे लागते, त्यामुळे ज्यांना गुडघ्यांचा किंवा कमरेचा त्रास आहे त्यांनी तो घेऊ नये. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खाली गोणपाट दुमडून घाला, नाहीतर सकाळी सातला खालच्या घरी आवाज जातो. धुताना साबण लावू नये, दगड वास धरतो. गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरते, पण नंतर तो भिंतीला उभा टेकवून वाळवावा. पाच-सहा पाहुण्यांचे वाटण असेल तेव्हा मी स्वतः मिक्सर काढतो, कारण घाईत वाटलेल्या वाटणाने ना चव साधते, ना मन शांत होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सूर्य वर येण्याआधीच वाटून घेतलेले बरे.

गेल्या आठवड्यापासून पाट्याचा मधला भाग गुळगुळीत झाला आहे आणि खोबरे त्यावरून घसरते. टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून दगड पुन्हा खरखरीत करून, घेण्याची वेळ आली आहे. मावशींना निरोप दिला असून त्या सोमवारी येणार आहेत. तोवर पाट्यावर फक्त शेंगदाण्याची चटणी चालू आहे.