इम्प्लांट की स्वतःचीच चरबी?
स्तनांची वाढ मुळातच कमी राहिली असेल, तर शस्त्रक्रियेचे मुख्यतः दोन मार्ग. (लहान आकार हा काही आजार नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.) सिलिकॉन इम्प्लांटने (स्तनात बसवायची सिलिकॉनची पिशवी) ठरवलेला आकार एकाच शस्त्रक्रियेत मिळतो, पण इम्प्लांट आयुष्यभर टिकेलच असं नाही. शरीर त्याभोवती आवरण तयार करतं. ते कधी आवळतं आणि स्तन कडक होतो. इम्प्लांट आतल्या आत फुटला तर बाहेरून बऱ्याचदा कळतही नाही, म्हणून ५-६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, असा सल्ला असतो. पोट-मांड्यांची चरबी काढून स्तनांत भरली तर ही कटकट नाही, स्पर्शही नैसर्गिक. मात्र तिच्यातला बराच भाग शरीर शोषून घेतं आणि वाढ माफकच होते. सडपातळ बाईने चरबी आणायची कुठून? दोन स्तनांत थोडासाच फरक असेल, तर मी चरबीकडेच झुकेन.