टेकडीवर आरक्षण टाकायचं की जमीन कमावती ठेवायची?

शहराभोवतीची मोकळी जमीन वाचवायचे दोन मार्ग बघा, एक पुण्यातली बीडीपी (टेकड्यांवरचं जैवविविधता पार्कचं आरक्षण) आणि दुसरा कोलकात्याच्या पूर्वेची पाणथळ जमीन. पुण्यात महापालिकेत आलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता पार्कचं आरक्षण टाकलंय, पण बरीच जमीन खासगी, मोबदला ठरवला फक्त 8 टक्के टीडीआर (म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), त्यामुळे मालक नाराज आणि मग उतारावर गुपचूप जेसीबी लागतो, मुरूम पावसात ओढ्यात येतो.

कोलकात्यात उलटं. तिकडे सुमारे 12,500 हेक्टरच्या पट्ट्यात शहराचं सांडपाणी भेरीत म्हणजे उथळ तळ्यांत सोडतात, ऊन आणि शेवाळ ते साफ करतं, त्यातच मासे वाढतात, पुढे तेच पाणी भाताला, आणि तिथल्याच धापा भागात कचऱ्याच्या खतावर फ्लॉवर. पावसाचं जादा पाणीही तिथंच मावतं. 2002 पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तरी भराव पडतातच हां. पण मासेवाल्यांचं पोट त्यावर आहे म्हणून ओरडायला माणूस असतो, टेकडीसाठी कोण, सकाळी फिरायला येणारे? (ते ओरडतात पण, मान्य.)

मला कोलकात्याचं जास्त पटतं. टेकडीवर तळी होणार नाहीत हे कळतं, पण मालकाला सीताफळ, चारा असं काहीतरी उत्पन्न मिळालं तर जेसीबी तोच अडवेल ना.