७६ रुपयांचं ‘बायोडिझेल’

२०२१ च्या पावसाळ्यात डिझेल नव्वदीच्या पुढे गेलं होतं आणि कांद्याचं भाडं होतं तिथंच. माझ्या दोन गाड्या, त्यातली एक नाशिक-सुरत लाइनला. ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, ढाब्याच्या मागं बायोडिझेल मिळतंय, ७६ रुपये. सगळे भरतायत." तीनशे लिटरची टाकी, म्हणजे एका टाकीमागं जवळपास सहा हजार सुटणार. भर म्हणालो. ड्रायव्हरचा काही दोष नाही, मीच म्हणालो.

पुढच्या खेपेला स्वतः गेलो. हिरवी पाटी, तिच्यावर पान. मागं एक कंटेनर, आत टाकी, बाहेर पंपासारखंच मशीन, फक्त वैधमापनाचं (वजन-माप खात्याचं) सील कुठं दिसेना. माणूस मात्र गोड. म्हणाला, "वापरलेल्या खाद्यतेलाचा माल आहे. टाकीतला जुना गाळ सुटतो, तेव्हा पहिले दोन-तीन फिल्टर चोक होतील, घाबरू नका. अ‍ॅव्हरेज पण जरा पडेल." घरी येऊन मोबाइलवर वाचलं, तर दोन्ही गोष्टी खऱ्या! खऱ्या बायोडिझेलनं असंच होतं. मग काय, पहिला फिल्टर चोक झाला तेव्हा मला चक्क बरं वाटलं. म्हटलं, माल अस्सल आहे.

चौथ्या टाकीला गाडी सापुताऱ्याच्या घाटात बंद पडली. वरून पाऊस, ताडपत्रीखाली कांदा. दुसरी गाडी बोलावून माल तिच्यात चढवेपर्यंत दोन दिवस गेले, सुरतेत पोचला तेव्हा खालच्या थरातल्या गोण्यांना पाणी सुटलं होतं.

मिस्त्रीनं फिल्टर खोलून माझ्या नाकापुढं धरला. "भज्यांच्या तेलाचा वास येतोय का?" रॉकेलचा येत होता. मग फिल्टरमधलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं, तर बारीक चांदीसारखी चमक. आजच्या कॉमन रेल इंजिनात हाय प्रेशर पंप डिझेल जबर दाबानं इंजेक्टरकडे ढकलतो, आणि इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतो. बहुतेक गाड्यांत या पंपाला वेगळं ऑइल नसतं, इंधनच त्याला वंगण देतं. खरं बायोडिझेल या बाबतीत डिझेलपेक्षा सरस. माझ्या टाकीत होतं ते पातळ, कोरडं इंडस्ट्रियल ऑइल. पंप आतून खरवडला गेला आणि तो कीस थेट इंजेक्टरमध्ये. पंप, चारही इंजेक्टर, पाइप, टाकी धुणं मिळून १ लाख ८५ हजार. चार टाक्यांत वाचले होते चोवीस हजार.

नंतर कळलं ते असं. केंद्राच्या एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत बायोडिझेलची विक्री आहे ती हायस्पीड डिझेलमध्ये, म्हणजे पंपावरच्या नेहमीच्या डिझेलमध्ये, मिसळण्यासाठी. शुद्ध मालाला आयएस १५६०७ हे मानक आहे आणि तो शंभर अंशांखाली पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडत नाही. विकणाऱ्याला परवाना आणि मालाचा तपासणी अहवाल मागा. माझ्या गोड माणसाला मी फक्त उधारी चालते का, एवढंच विचारलं होतं.

भांडायला गेलो तर कंटेनर गायब, खाली काळी पडलेली माती. ढाबेवाला म्हणे, "कसलं बायोडिझेल?" पावती जपून ठेवली होती, ती घेऊन पुरवठा शाखेत तक्रार द्यायला गेलो. टेबलावरच्या बाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि बोट ठेवून माझ्याकडे सरकवली. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: ‘इंडस्ट्रियल ऑइल. वाहनात वापरू नये.’