स्टोमा डायलेटरचा पाच कांड्यांचा सेट, सात महिने वापरून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू सगळ्यांच्या कामाचा नाहीये. ज्यांच्या पोटाबाहेर बॅग नाही, आत मळ साठवणारा पाऊच आहे, तो दिवसातून तीन-चारदा कॅथेटर, म्हणजे नळी, घालून रिकामा करावा लागतो आणि आता त्या स्टोमाचं, म्हणजे नळी घालायला पोटावर केलेल्या छिद्राचं, तोंडच आवळत चाललंय, अशा लोकांसाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल पण मग मध्येच "ईईई" करायचं नाही.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तक्रारीही करणार आहे.

सेट असा येतो: आवळलेलं तोंड हळूहळू ताणायला स्टीलच्या पाच गुळगुळीत कांड्या, ६, ७, ८, ९ आणि १० मिलिमीटर जाडीच्या, टोक गोलसर, मागे धरायला चपटी मूठ, आणि काळ्या फोमच्या खाचा असलेली डबी. सोबत एक पत्रक, ज्याबद्दल पुढे बोलते कारण त्यावर माझा राग आहे.

माझी थोडी पार्श्वभूमी. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे मोठं आतडं काढलं, आणि लहान आतड्याच्याच शेवटच्या भागाचा आत पाऊच करून दिला, कॉक पाऊच. कॉक म्हणजे निल्स कॉक, स्वीडनचे सर्जन, त्यांनी १९६९ मध्ये ही पद्धत मांडली. आतड्याचाच एक तुकडा आत दुमडून त्याचा निपल व्हॉल्व्ह करतात, त्यामुळे काही गळत नाही, आणि बाहेर काय दिसतं तर पोटाच्या खाली उजवीकडे त्वचेच्या पातळीवर एक लालसर टिकली, त्यावर छोटा पॅड, झालं. पुढे जे-पाऊच आला (तो आतूनच गुदद्वाराला जोडतात, नळी घालावी लागत नाही) आणि आमची जमात कमी झाली. त्याचा तोटा काय होतो ते मला एका रात्री कळलं.

तोंड आवळतंय हे मला खूप उशिरा लक्षात आलं हो. आधी ३० फ्रेंचची (फ्रेंच म्हणजे नळीच्या जाडीचा नंबर) नळी आरामात जायची. मग जेली जास्त लागायला लागली. मग रोज सकाळी पहिल्या वेळी जरा ढकलावं लागायचं, मला वाटलं मीच घाईत आहे. मग २४ वर आले आणि स्वतःचीच समजूत घातली की चालतंय की, नळी नळीच असते. नसते. नळी थोडी बारीक झाली तर थोडंच कमी येईल असं वाटतं ना, पण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो (मुलाने कागदावर मांडून दाखवलं, मी गप्प बसले), म्हणजे ३० वरून २४ वर आलं की आतलं भोक त्याच प्रमाणात लहान धरलं तर अगदी पाण्यासारखं पातळ असलं तरी तेवढ्याच वेळात निम्म्याहूनही कमी बाहेर येतं. आणि आपलं कुठे पाण्यासारखं असतं. मशरूमचा एक तुकडा नीट चावला गेला नाही की नळीची भोकं बंद, मग बाहेर काढा, धुवा, परत घाला, कोमट पाणी सिरिंजने सोडा. दहा मिनिटांचं काम पंचवीस मिनिटांवर गेलं. बाथरूमबाहेरून "झालं का गं?" चालू.

आणि मग ती रात्र. नळी जाईचना. गुडघे दुमडून आडवी पडले, खोकून पाहिलं, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, अर्धा तास थांबून परत प्रयत्न केला, काही नाही. पोट टम्म. सहा तास होऊन गेल्यावर नवऱ्याने काही न विचारता गाडी काढली. इमर्जन्सीतले डॉक्टर अगदी तरुण, त्यांनी पोट पाहिलं आणि मला विचारलं, "तुमची बॅग कुठे पडली?" मी म्हटलं बॅग नाहीये, आत आहे. ते म्हणाले आत म्हणजे कुठे. मी कळवळत त्यांच्याच पेनाने त्यांच्याच कागदावर पाऊचचं चित्र काढलं, व्हॉल्व्हला बाण केला. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं मात्र, आणि १६ फ्रेंचची बारीक नळी हळूहळू आत गेली, रात्रभर तशीच ठेवली, थेंब थेंब करत सकाळपर्यंत पोट हलकं झालं. तेव्हापासून पर्समध्ये एक कार्ड आहे: आत कॉक पाऊच आहे, बॅग नाही, नळीने रिकामा करावा लागतो, नळीचा नंबर अमुक, सर्जनचा फोन तमुक. कार्डाला पाचपैकी पाच स्टार, फुकट आहे.

दुसऱ्या दिवशी सर्जनने बोट घालून पाहिलं. हे मी मुद्दाम मोठं करून लिहितेय कारण सेट मागवायच्या आधी हेच करायचंय. अडतंय कुठे, यावर सगळं आहे. त्वचेपाशीच, पहिल्या सेंटिमीटरलाच कडक रिंग लागत असेल तर ते तोंड आवळणं, म्हणजे जुन्या टाक्यांच्या जागेचा व्रण आक्रसलेला. पण तोंडातून नळी सहज जाते आणि आत खोलवर जाऊन अडते, किंवा वाकडी जाते, किंवा मधल्या वेळात गळायला लागलंय, तर तो व्हॉल्व्ह घसरल्याचा मामला असू शकतो, आणि तिथे ही कांडी घालणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं. कॉक पाऊचमध्ये व्हॉल्व्ह घसरणं ही नेहमीची कटकट आहे, त्यामुळे "माझंही तिच्यासारखंच असेल" असं धरून मागवू नका. माझं त्वचेपाशी होतं, म्हणून सर्जनने हा सेट लिहून दिला आणि स्टोमा सिस्टरने स्वतःसमोर दोनदा करायला लावलं.

आता वस्तूबद्दल.

फिनिश चांगलं आहे. आधी मी करंगळीला ग्लोव्ह घालून करत होते, ते बोट नेमकं किती आत गेलं, किती जाड आहे, काही पत्ता नाही, आणि नखाची भीती वेगळी. कांडीचं तसं नाही, आज ७ गेली तर ७ गेली. मुलाच्या व्हर्निअरने पाचही मोजल्या, चार बरोबर निघाल्या, ९ ची थोडी जाड, ९.२. एवढं चालतं म्हणाल, पण ८ वरून ९ वर जाताना मला जे दोन आठवडे लागले त्यात या पॉइंट दोनचा हात आहे असं मला आजही वाटतं.

मुख्य कुरकूर इथेच आहे. नळ्या फ्रेंचमध्ये, कांड्या मिलिमीटरमध्ये, आणि पत्रकात दोघांची सांगड कुठेच नाही. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे ८ ची कांडी २४ ची नळी, ९ म्हणजे २७, १० म्हणजे ३०. आता बघा, सेटमधली एकेक पायरी ही नळीच्या तीन नंबरांची उडी आहे. व्रणाला तेवढी उडी झेपत नाही. साडेआठची एक कांडी दिली असती तर यांचं काय जात होतं? शेवटी मी ८ ची कांडी आणि मध्ये २६ ची सिलिकॉनची नळी, जेली लावून दहा मिनिटं तशीच ठेवून, असं करत पुढे सरकले. सिस्टर म्हणाली चालेल.

दुसरं, नंबर मुठीवर इतका बारीक कोरलाय की ओल्या हाताने, चष्म्याशिवाय, सकाळी साडेसहाला ८ आणि ९ एकसारखेच दिसतात. एकदा चुकीची उचलली आणि कळलं लगेच. मी आता मुठींना रंगीत दोरे बांधलेत, दोरे ओले होतात म्हणून दर दोन दिवसांनी बदलते.

तिसरं म्हणजे ते पत्रक. त्यात लिहिलंय कांडी "पूर्ण लांबीपर्यंत" सरकवा. अहो, पूर्ण लांबी म्हणजे बारा सेंटिमीटर! आवळलंय ते तोंड, आणि मागे व्हॉल्व्ह बसलाय, त्याला ठोसा कशाला? हे पत्रक बहुतेक बॅगवाल्या स्टोमासाठी लिहिलं असावं आणि तेही कुणी पोट न बघता. मला सर्जनने अडीच सेंटिमीटर सांगितलंय, माझ्या पोटासाठी, तुमचा आकडा तुमचे डॉक्टर सांगतील. कांडीवर खोलीची एकही खूण नाही, म्हणून मी वॉटरप्रूफ टेपची बारीक पट्टी गुंडाळते, पट्टी त्वचेला टेकली की थांबायचं.

माझी पद्धत एवढीच: पाऊच रिकामा करून घ्यायचा, कोमट पाण्याने अंघोळ झालेली असली तर उत्तम कारण पोटाचे स्नायू सैल असतात, पाण्यात विरघळणारी जेली भरपूर, आडवं पडायचं, श्वास सोडताना हळू आत, एक लहान नंबर आधी आणि मग चालू नंबर, पाच मिनिटं, बाहेर. साबण, गरम पाणी, कोरडी करून डबीत. ताकद लावायची नाही हे सिस्टरने तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा मला ते स्वतःला कळलं, जेव्हा तिसऱ्या आठवड्यात मी हिरोगिरी करून ९ दाबली आणि पॅडवर रक्त आलं. थेंबच होते, थांबले, पण पुढचे चार दिवस जागा सुजून उलट ७ सुद्धा कुरकुरत गेली. जोरात ताणलं की चिरतं, चिरलं की नवा व्रण, आणि नवा व्रण परत आवळतो. तुम्ही ज्याच्याशी भांडताय तेच तयार होतं. म्हणजे एका आठवड्याच्या घाईचा हिशोब महिनाभर फेडत बसले.

आणि हो, नळी अजिबातच जात नसेल, पोट फुगलंय, दुखतंय, उलट्या होताहेत, तर त्या वेळी ही डबी उघडायची नाही. सरळ दवाखाना, कार्ड घेऊन.

सात महिन्यांत काय मिळालं तर: ७ मुश्किलीने जायची तिथून ९ वर आले. नळी २७ ची. बाथरूममधला वेळ बारा-तेरा मिनिटं. रात्री पॅड बदलताना जी धाकधूक व्हायची, सकाळी जाईल ना, ती बरीच कमी झालीये, पूर्ण गेली असं लिहिलं तर खोटं होईल. पण एक आठवडा लग्नाच्या गडबडीत केलं नाही तर ९ परत घट्ट. म्हणजे या वस्तूने तोंड मोठं होत नाही, धरून ठेवलं जातं, आणि धरून ठेवायला रोज पाच मिनिटं मोजावी लागतात. सर्जनने साफ सांगितलंय की दोन-तीन महिन्यांत परत खाली घसरलं तर त्वचेपाशीच छोटं ऑपरेशन करून व्रण काढून तोंड नव्याने शिवायचं, पाऊचला हात न लावता. ते ऐकून मला आधी धसका बसला होता, आता तेवढा नाही.

स्टार साडेतीन. एक स्टार त्या पत्रकासाठी कापला, अर्धा साडेआठच्या कांडीसाठी. घ्यायचाच असेल तर घ्या, पण आधी सर्जनचं बोट, मग सिस्टरसमोर सराव, मग ही डबी, याच क्रमाने. माझ्या डबीतली १० ची कांडी अजून फोमच्या खाचेत तशीच आहे, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.