उदगिरात की उदगीरात: पाचवीच्या व्याकरण-वाचन सरावसंचाचा आठ महिन्यांचा अनुभव

पाचवीच्या या सरावसंचात शुद्धलेखनाची पुस्तिका, वाचनाची पुस्तिका, उत्तरपुस्तिका आणि श्रुतलेखनाच्या ध्वनिफिती आहेत. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. यंदा शिष्यवृत्ती आणि नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा अशा दोन्ही परीक्षा द्यायच्या असल्यामुळे जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात मी साडेसहाशे रुपये देऊन हा संच घेतला. धाकटा मुलगा तिसरीत आहे, दोन वर्षांनी हीच पुस्तके त्याला कामाला यावीत म्हणून पुस्तकात पेन्सिलीचीही रेघ ओढायची नाही, सगळी उत्तरे दोनशे पानी वहीत लिहायची, असा नियम मी पहिल्याच दिवशी घालून दिला. त्या वहीमुळेच पुढचा सगळा प्रकार माझ्या लक्षात आला.

जानेवारीत तिने ‘माझे गाव’ हा निबंध लिहिला आणि पहिलेच वाक्य होते, ‘मी उदगीरात राहते.’ मी ‘गी’ खाली रेघ मारून ‘उदगिरात’ असे लिहिले, तेव्हा ती काही न बोलता आत गेली, उत्तरपुस्तिका घेऊन आली आणि सामान्यरूपांच्या, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दांच्या बदलणाऱ्या रूपांच्या, पानावर बोट ठेवून म्हणाली, “मम्मी, यात तर असंच दिलंय की.” खरोखरच तसे छापलेले होते. मग मी तिची ऑगस्टमधली वही काढली. वीस शब्दांच्या त्या स्वाध्यायात तिने आधी ‘उदगिरात’, ‘लातुरात’, ‘वकिलाने’, ‘गरिबाला’ अशी बरोबर रूपे लिहिली होती आणि नंतर उत्तरपुस्तिकेशी ताडून पाहताना लाल पेनने त्यांवर काट मारून ‘उदगीरात’, ‘लातूरात’, ‘वकीलाने’, ‘गरीबाला’ असे केले होते. अशा सहा जागा निघाल्या. बरोबर आलेले उत्तर मुलीने स्वतःच्या हाताने खोडलेले पाहून मला जे वाईट वाटले, ते दोन-चार गुण गेल्याचे नव्हते.

नियम अवघड नाही. साहित्य महामंडळाच्या ज्या अठरा लेखनविषयक नियमांना शासनाची मान्यता आहे, त्यांत तो स्पष्ट दिलेला आहे: अकारान्त, म्हणजे ‘अ’ने संपणाऱ्या, शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार-उकार दीर्घ लिहायचा, पण शब्दाचे सामान्यरूप होताना तो ऱ्हस्व होतो. तूर, पण तुरीची डाळ. जमीन, पण जमिनीत. मीठ, पण मिठाचा. आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी हे शब्द रोज असतात. ‘उदगीरला’, ‘उदगीरहून’ यांत दीर्घ ‘गी’ राहते, कारण तिथे प्रत्यय नावाला सरळ लागतो, सामान्यरूप होत नाही. ‘उदगिरात’ म्हणताना मात्र ते होते. अपवाद संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, म्हणजे तत्सम, शब्दांचा: शरीर–शरीरात, गीत–गीताने. उत्तरपुस्तिका करणाऱ्याने हा अपवादच सरसकट सगळ्या शब्दांना लावला असावा, असे मला वाटते. विशेष खटकते ते हे, की याच संचातील शुद्धलेखनाच्या पुस्तिकेत नियम अगदी नीट सांगितला आहे. लाकूड–लाकडाला, बेरीज–बेरजेत यांसारखी बदलणारी रूपेसुद्धा सोप्या भाषेत समजावली आहेत. म्हणजे एका पुस्तिकेने शिकवलेले दुसरी पुस्तिका खोडते, आणि मूल उत्तरपुस्तिकेवरच विश्वास ठेवते.

मी प्रकाशकांच्या क्रमांकावर फोन केला. पहिल्या वेळी ‘दोन्ही रूपे चालतात’ असे उत्तर मिळाले. पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, तेव्हा ‘तत्सम शब्दांत दीर्घ राहते’ असे कळवण्यात आले. वकील आणि गरीब हे शब्द अरबीतून आलेले आहेत आणि उदगीर हे आमच्या गावाचे नाव आहे, त्यांत तत्सम काय आहे, असे मी लिहून विचारले. त्यावर नवीन आवृत्तीत दुरुस्ती होईल, ती घ्यावी, असा सल्ला मिळाला. चूक त्यांची असताना साडेसहाशे रुपये मी दुसऱ्यांदा का द्यावेत? शेवटी नियम उतरवून रजिस्टर पत्र पाठवले, तेव्हा तीन आठवड्यांनी शुद्धिपत्राचा एक कागद टपालाने आला. त्यात सहापैकी चारच रूपे दुरुस्त केलेली आहेत. ‘उदगिरात’ त्यात आहे, ‘गरिबाला’ आणि ‘वकिलाने’ नाहीत.

शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 प्रश्न 50 गुणांना असतात, म्हणजे प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. अशा परीक्षेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेत एकाच पानावर सहा चुका राहाव्यात, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

आता वाचनाच्या पुस्तिकेबद्दल. दिवाळीपर्यंत तिच्याविषयी माझे मत बरे नव्हते. पहिल्या निम्म्या उताऱ्यांखाली केवळ शोधून काढण्याचे प्रश्न आहेत. उदगीरच्या किल्ल्यावरचा उतारा मुलीने आवडीने वाचला, पण प्रश्न एवढाच की मराठे आणि निजाम यांची लढाई कोणत्या साली झाली. ‘1760’ हा आकडा उताऱ्यात शोधून उतरवला की काम झाले, समजले काय ते कळत नाही. मुलगी घडाघडा वाचत असे आणि पुस्तक मिटून ‘सांग बरं काय वाचलंस’ म्हटले की गप्प होत असे.

पुस्तिकेच्या दुसऱ्या भागाने मात्र माझे मत बदलले. तिथे शीर्षक मुलांनी द्यायचे आहे, लेखकाने न सांगितलेले कारण ओळखायचे आहे, अपरिचित शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांवरून लावायचा आहे. पावसाने ओढ दिल्यावर सोयाबीन मोडून रब्बीची तयारी करणाऱ्या कुटुंबाचा एक उतारा आहे. त्यात आजोबा जेवणावरून उठून जातात, आणि ते का उठले हे कुठेही लिहिलेले नाही. मुलीने तो दोनदा वाचला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “बियाणाचे पैसे गेले म्हणून.” त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटले की हिला वाचता येऊ लागले आहे. नवोदयच्या भाषा विभागात चार उताऱ्यांवर प्रत्येकी पाच प्रश्न असतात. त्याची खरी तयारी या भागात होते.

श्रुतलेखनाच्या ध्वनिफितीही चांगल्या आहेत. वाक्य सावकाश, दोनदा वाचले जाते आणि ‘न’-‘ण’ स्वच्छ ऐकू येतात. घरात आम्ही ‘पानी’च म्हणतो, पण वहीत ती आता न चुकता ‘पाणी’ लिहिते.

म्हणून पूर्ण संच घेऊ नका, असे माझे मत आहे. वाचनाची आणि शुद्धलेखनाची पुस्तिका सुटी मिळते, दोन्ही मिळून तीनशे रुपयांत, तेवढ्याच घ्या. ज्यांनी संच आधीच घेतला आहे, त्यांनी उत्तरपुस्तिकेतील सामान्यरूपांचे पान आजच उघडून स्वतः तपासावे. आमच्या प्रतीत मी शुद्धिपत्र त्या पानावर चिकटवले आहे आणि त्यात न आलेली दोन रूपे खाली शाईने लिहिली आहेत, कारण दोन वर्षांनी हेच पान धाकट्यासमोर येणार आहे.