'इथे कुणाचीच मालकी नाही' म्हणणाऱ्या ॲपची किल्ली एकाच्याच हातात होती

स्वतःला विकेंद्रित म्हणवणाऱ्या एका क्रिप्टो ठेव-कर्जाच्या ॲपमध्ये माझी बरीच बचत बुडाली. पैसे परत येतील असं आता वाटत नाही. पण त्याच साच्यातली ॲप्स रोज नवी येताहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

जाहिरात एकच गोष्ट ठासून सांगायची: बँक नाही, मालक नाही, तुमच्या पैशाला कुणी हात लावू शकत नाही, सगळं कोडवर चालतं. यातलं अर्धं खरं होतं. ॲप इथेरियम या ब्लॉकचेनवर होतं आणि तिथली नोंदवही जगभरच्या हजारो संगणकांवर असते, ती एकट्यादुकट्याला खोडता येत नाही. पण ॲपचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठेवी सांभाळणारा प्रोग्रॅम, 'प्रॉक्सी' पद्धतीचं होतं. यात पत्ता तोच राहतो आणि आतला कोड बदलता येतो. बदलण्याचा अधिकार फक्त एका वॉलेटकडे (क्रिप्टो खात्याकडे) होता, मध्ये टाइमलॉकही, म्हणजे बदल लागू होण्याआधीची सक्तीची मुदतही, नव्हतं. एका रात्री त्या वॉलेटवरून नवा कोड जोडला गेला आणि बघता बघता सगळ्यांच्या ठेवी बाहेर गेल्या. कोड तपासणाऱ्या ऑडिटचा अहवाल खोटा नव्हता. तो आधीच्या कोडचा होता!

याहून चीड आली ती पुढच्या प्रकाराची. ठेवीत न ठेवलेले, माझ्या वॉलेटमधले टोकनही (क्रिप्टो नाणी) गेले. पहिल्यांदा टोकन भरताना ॲप 'अप्रूव्ह' दाबायला लावतं, म्हणजे तुमच्या वॉलेटमधून टोकन उचलायची परवानगी कॉन्ट्रॅक्टला मिळते, आणि पुष्कळ ॲप्स तिथे अमर्याद रकमेची परवानगी मागतात. ठेव काढून घेतली तरी ती परवानगी उठत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. डिसेंबर 2021 मध्ये बॅजरडाओ या अशाच क्रिप्टो ॲपच्या वेबसाइटमध्ये घुसवलेल्या स्क्रिप्टने लोकांकडून अशाच परवानग्या घेतल्या आणि सुमारे 12 कोटी डॉलर लंपास झाले. कॉन्ट्रॅक्टच्या कोडमध्ये दोष नव्हता.

म्हणून 'विकेंद्रित आहे का' एवढ्या प्रश्नावर थांबू नका. कोड कोण बदलू शकतं, व्यवहार कोण थांबवू शकतं, सही किती जणांची लागते आणि ते खरोखर वेगळे लोक आहेत का, हे विचारा. मार्च 2022 मध्ये रोनिन ब्रिज (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारी सेवा) लुटला गेला तेव्हा सहीच्या 9 पैकी 5 किल्ल्या पुरेशा होत्या, आणि त्यातल्या 4 एकाच कंपनीकडे होत्या. नुकसान 60 कोटी डॉलरच्या वर गेलं.

चोरीनंतर विकेंद्रीकरणाच्या दोन्ही बाजू मला एकदमच दिसल्या. माझे पैसे कुठल्या पत्त्यावर गेले, तिथून पुढे कुठे सरकले, हे ब्लॉक एक्सप्लोररवर (ही नोंदवही दाखवणाऱ्या वेबसाइटवर) कुणाचीही परवानगी न घेता पाहता येतं. बँकेने इतकं कधीच दाखवलं नसतं. पण तो व्यवहार उलटवायला कुणी नाही. 2016 मध्ये 'द डाओ' या सामायिक गुंतवणूक निधीतल्या चोरीनंतर इथेरियमने नोंदवहीची साखळी फोडून पैसे परत मिळवून दिले, त्यावरून इथेरियमच्या लोकांत फूट पडली आणि इथेरियम क्लासिक वेगळं झालं. तसं पुन्हा व्हावं असं मी एवढं गमावूनही म्हणणार नाही. माझ्यासाठी वाकणारी नोंदवही उद्या एखाद्या बलवानासाठीही वाकेल.

मदतीची आशा होती ती केंद्रित भागातच. चोरीचा काही हिस्सा आधी स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेल्या नाण्यांत, होता, आणि मोठे स्टेबलकॉइन काढणाऱ्या कंपन्या पोलिसांच्या मागणीवरून एखादा पत्ता गोठवू शकतात. माझी तक्रार पुढे सरकेपर्यंत चोराने त्याचं ईथर (इथेरियमचं स्वतःचं चलन) करून घेतलं होतं, आणि ईथर गोठवणारं कुणीच नसतं. तेव्हा असं काही घडलं तर आधी उरलेल्या परवानग्या रद्द करा, शिल्लक नव्या वॉलेटमध्ये हलवा, आणि व्यवहाराचे हॅश (ओळख क्रमांक) व पत्ते घेऊन त्याच दिवशी सायबर पोलिसांकडे जा.

तक्रारीची वाच्यता होताच 'पैसे सोडवून देतो' म्हणणाऱ्यांचे निरोप सुरू झाले. कुणी आगाऊ फी मागत होतं, कुणी सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटचा पूर्ण ताबा देणारे गुप्त शब्द. ही दुसरी टोळी पहिलीइतकीच तयारीची असते. तिला उत्तरच देऊ नका.